बाल न्याय मंडळावर लोकसदस्य हवेतच

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले आणि बाल न्याय मंडळाच्या एका लोकसदस्याने अल्पवयीन चालकास तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन दिला, तेव्हापासून, जे न्यायाधीश नाहीत त्यांना न्यायासनावर बसवूच नये, हा पक्ष आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातील सुशिक्षितांच्या बैठकींतही आवेशाने मांडला जातो. त्या जामिनाविषयीचा संताप रास्तच होता. परंतु त्यावरून काढलेले हे अनुमान मला सर्वथा अमान्य आहे.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, म्हणजेच लोकसदस्य, असतात, त्यांत एक तरी स्त्री असते; अंतिम निवाड्यास प्रधान दंडाधिकाऱ्यासह किमान दोघांची हजेरी लागते. मंडळाची बैठक नसताना मुलास एकट्या सदस्यापुढे उभे करण्याची जी मुभा कलम ७ ने ठेवली आहे, तिच्याच वाटेने तो पुण्याचा आदेश आला. तिघांच्या विचाराने व्हावयाचे काम एकट्याने उरकले गेले, हा त्यातील खरा दोष. शिवाय नंतर दंडाधिकारी असलेल्या मंडळाच्या ज्या आदेशांनी त्या मुलास निरीक्षणगृहात ठेवले, तेही मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये बेकायदा ठरविले. तेव्हा चूक ही कोणा एका वर्गाची मिरास नव्हे.

इंग्रजी अमदानीतील, पेशाने न्यायाधीश नसलेल्या मानद दंडाधिकाऱ्यांचा दाखलाही दिला जातो. ती पदे पुष्कळदा सरकारनिष्ठेचे बक्षीस म्हणून वाटली गेली, हे खरे. पण त्यावर उतारा चोख निवडीचा आहे, आणि कायद्याने तो योजलाही आहे: मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाचे सात वर्षांचे काम, अथवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र वा कायदा यांतील पदवी घेऊन चालविलेला व्यवसाय. १९८६ च्या कायद्यात हे कार्यकर्ते केवळ साहाय्यक होते. २००० च्या कायद्याने त्यांना मताचा अधिकार दिला, तो विचारपूर्वकच.

कारण या न्यायासनापुढील प्रश्न गुन्हा शाबीत झाल्याने संपत नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या आईबापांचा मुलगा मोबाइल चोरताना सापडून उंटवाडीच्या निरीक्षणगृहात येतो, तेव्हा त्याची शाळा का सुटली, त्याला कोणी हाताशी धरले, त्यास घरी पाठवावे की समुपदेशनास, हे ओळखण्यास कलमांच्या ज्ञानाइतकाच मुलांमध्ये घालविलेला काळ उपयोगी पडतो. दंडाधिकाऱ्याची बदली होते, त्याच्यापुढे इतर फिर्यादींचा ढीग असतो. गावातील कार्यकर्त्याला मात्र ती वस्ती आणि ती शाळा ठाऊक असते. हा लाभ एका गैर आदेशापायी गमावणे म्हणजे मुलांचेच नुकसान करणे होय.

तेव्हा मागणी करावयाची तर ती अशी करावी, की गंभीर गुन्ह्यात एकट्या सदस्याने जामीन देऊ नये आणि नेमणुकीपासून साठ दिवसांत द्यावयाचे प्रशिक्षण कागदोपत्री न उरता खरोखर दिले जावे. आणि इंदिरानगरातील ज्या शिक्षकांनी, बालरोगतज्ज्ञांनी, समुपदेशकांनी आयुष्य मुलांमध्ये वेचले आहे, त्यांनी या पदांची जाहिरात निघताच अर्ज करावेत.