भाडेकरूची बोली
भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, हे म्हणणे रास्तच. चाकणजवळ खराबवाडी-नाणेकरवाडीत खोल्या देणाऱ्या घरमालकाने ती द्यावीच. बिहारच्या पोराची द्यावी, तशी बीडच्याचीही. पण तपासणी नाव आणि बोली ऐकून सुरू झाली की घोळ होतो. बंगाली मुर्शिदाबादेत बोलतात, सीमेपलीकडे बांगलादेशातल्या राजशाहीतही बोलतात; नुसत्या कानाने काय ओळखणार? जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या चंदननगरात कारगिल लढलेल्या जवानाच्या घरच्यांकडे रात्री येऊन नागरिकत्वाचे पुरावे मागितल्याची तक्रार झाली. (माझ्याकडे अपरात्री मागितले तर कपाटच धुंडाळावे लागेल.) ‘निर्दोष असेल तर सुटेल, बिघडते काय?’ असे म्हणणाऱ्यांनी मालेगाव आठवावे. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारात, कब्रस्तानापाशी स्फोट. मेलेले बहुतेक मुस्लिम आणि पकडलेलेही मुस्लिमच. बहुतेकांची पाच वर्षे तुरुंगात गेली, आरोपमुक्ती मिळायला २०१६ उजाडले. आणि पुरावे ताजे असतात ती तपासाची पहिली वर्षे याच माणसांवर खर्ची पडली.