कुलूप नुसतं चाकाला नको

मंडळी, आजचा विषय अगदी साधा आहे. सायकलला कुलूप कसं लावावं. आमचे पुण्याचे भाचे वाचून म्हणतील, "मामा, आता यावरही लेख?" हसा बापड्यांनो! पण पिंपळनेरला पाड्यांवरून सायकल मारत शाळेत येणाऱ्या मुली ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हा विषय लहान वाटायचा नाही.

एस.टी.ची वेळ आणि शाळेची वेळ जुळेलच असं नाही, म्हणून सायकल. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या निवडक मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ साली ही रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. मजुरीवर चालणाऱ्या घरात एवढे पैसे दुसऱ्यांदा उभे राहत नाहीत. सायकल चोरीला गेली की मुलगी आठवडाभर पायी येते, मग अधूनमधून येते, मग घरचे म्हणतात, राहू दे आता. चोराला भंगारात फार तर चार-पाचशे मिळत असतील. मुलीची शाळा सुटते.

'बायसिकल थीव्हज' हा दे सिकाचा १९४८ सालचा इटालियन चित्रपट बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पोस्टर चिकटवायची नोकरी सायकल असेल तरच मिळणार, म्हणून बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणते. पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. रोम काय नि साक्री तालुका काय, गरिबाच्या सायकलीची गोष्ट एकच.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या साध्या सायकलीला मागच्या चाकाशी अर्धगोल कुलूप असतं. खटका दाबला की त्याचा दांडा आऱ्यांमधून जातो आणि किल्ली हातात येते. आपल्याला वाटतं, झालं काम. पण या कुलपाने सायकल फक्त चालवता येत नाही. मागचं चाक उचलून पुढच्या चाकावर ती ढकलत नेता येते, नाहीतर टेम्पोत टाकता येते. म्हणून दुसरी साखळी हवीच.

ती साखळीही बरेच जण पुढच्या चाकात अडकवतात. पुढचं चाक दोन नट ढिले केले की सुटतं. गिअरच्या कित्येक सायकलींना तर पान्हाही लागत नाही. मग चाक खांबाला राहतं आणि बाकीची सायकल जाते! तेव्हा साखळी मागच्या चाकातून, सायकलीच्या सांगाड्यातून आणि जमिनीत पक्क्या रोवलेल्या वस्तूभोवती, अशी तिन्हींतून गेली पाहिजे. खांब बुटका नको, साखळीसकट सायकल वरून काढून घेतात. लहान झाड किंवा तारेचं कुंपण नको, ते कापता येतं. साखळी आणि कुलूप जमिनीला टेकू देऊ नये, टेकलं की हातोडी मारायला आधार मिळतो. आकड्यांच्या कुलपाची बारीक केबल कटरने सहज तुटते, त्यापेक्षा जाड कड्यांची साखळी बरी. आणि खांबच नसेल तर? दोघी मैत्रिणींनी सायकली उलटसुलट तोंडाने उभ्या करून एकमेकींना बांधाव्यात. अशी जोडी उचलून न्यायला चोरालाही जड जातं.

आणखी एक. सायकलीच्या सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो, बहुधा पायडलच्या आसाखाली किंवा सीटच्या नळीवर. तो वहीत लिहून ठेवा, पावती जपून ठेवा. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलीला बिल्ला देत. आता तोही नाही, त्यामुळे सायकल आपलीच हे सांगायला एवढाच पुरावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ५००० रुपयांहून कमी किमतीची चोरी असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. माझी त्याला हरकत नाही. पण आधी चोर सापडायला हवा ना!

हे सगळं सांगितलं की गावात उत्तर ठरलेलं. "आपला गावमा कोन लई जाई, गुर्जी?" कुलूप म्हणजे शेजाऱ्यावर अविश्वास, अशी एक समजूत आहे. मला नेमकं उलटं वाटतं. उघडी सायकल गेली की गाव चोर शोधत नाही, संशयित शोधतं. तो संशयित बहुतेक वेळा टोकाच्या वस्तीतलं एखादं गरीब पोर असतं. बाजाराच्या दिवशी बाहेरगावचा कोणी सायकल नेतो आणि बोट या पोराकडे दाखवलं जातं. चोर सापडला नाही तर तो डाग त्याच्यावर कायमचा राहतो. नीट लावलेल्या कुलपाने मुलीची शाळा वाचते, तशी या पोराची अब्रूही वाचते.

म्हणून माझं आपलं सरळ मत आहे. सायकल देताना सोबत साखळी-कुलूप द्यावं, त्याच दिवशी शाळेच्या रजिस्टरमध्ये सांगाड्याचा नंबर लिहावा आणि आवारात एक लोखंडी पाईप दोन्ही टोकांनी सिमेंटमध्ये गाडावा. खर्च फारसा नाही, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली तरी होईल. तुमच्या गावच्या शाळेत सायकली कशाला बांधतात, एकदा जाऊन बघा आणि मला कळवा.