विश्लेषण : सर्जन आहे, पण भूलतज्ज्ञ?

शस्त्रक्रियागृहात रोबोट आले. मात्र कोळसा खाणींच्या माजरीत प्रसूतीत अडलेल्या महिलेसाठी पहिला प्रश्न वेगळाच असतो : भूल कोण देणार? ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१५ मध्ये निकष ठरवला : सिझेरियन, पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरील उपचार दोन तासांत मिळावेत. भूल देणे म्हणजे नुसते इंजेक्शन नव्हे. रुग्णाचा श्वास, रक्तदाब सतत सांभाळावा लागतो. त्यामुळे भूलतज्ज्ञ नसेल, तर सर्जन असूनही रुग्ण पुढे पाठवावा लागतो. एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतीसाठी भूल देण्याचे सरकारी प्रशिक्षण आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत आधी त्याचा विस्तार हवा. रोबोट थांबू शकतो, बाळंतपण थांबत नाही.