दानाचा हात यंत्रापाशीच का थांबतो?

निगडीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कंबरदुखी घरोघरी आहे. लाइनवर आठ-आठ तास उभे राहायचे, वाकून वजन उचलायचे आणि एक दिवस कंबरेतून पायात कळ उतरली की डॉक्टर सांगतात, ‘एमआरआय करून घ्या.’ रुग्ण त्या बोगद्यासारख्या यंत्रात थोडा वेळ पडून राहतो, ठकठक आवाज ऐकतो आणि बाहेर येतो. मणक्यातली चकती कोणत्या नसेवर दाबते आहे, हे चित्रात स्पष्ट दिसते. ना चिरफाड, ना क्ष-किरण.

हे यंत्र रुग्णांसाठी बनवायचे, असे ठरवून कोणी सुरुवात केली नव्हती. अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यांच्यावर ठरावीक रेडिओ लहरी सोडल्या, तर ती प्रतिसाद देतात, हे १९४६ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. त्यांना कुतूहल होते ते पदार्थाच्या अंतरंगाचे. पुढे १९५१ मध्ये ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेतील एका शोधनिबंधाने दाखवले, की अल्कोहोलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन तीन वेगवेगळे संकेत देतात. त्या निबंधाच्या तीन लेखकांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. भारतात परतून त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, या विषयाचे संशोधन उभे केले. माणसाच्या शरीराचे चित्र या तंत्राने मिळायला मात्र १९७० चे दशक सरत आले. मधली तीस वर्षे या कामाचा रुग्णाला काय उपयोग, असे कोणी विचारले असते, तर नेमके उत्तर देणे कठीण गेले असते.

टीआयएफआर उभी राहिली ती एका पत्रातून. होमी भाभा तेव्हा बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत विश्वकिरणांवर काम करत होते. तेही सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशावर. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्रासाठी स्वतंत्र संस्था मागितली. देश पारतंत्र्यात होता, महायुद्ध चालू होते, हिरोशिमा अजून घडायचे होते. ट्रस्टने होकार दिला, मुंबई सरकार सोबत आले आणि जून १९४५ मध्ये संस्था सुरू झाली. पुढे तिचा मुख्य भार केंद्र सरकारने उचलला. याच ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा रुग्णालयही उघडले होते. कॅन्सरचे रुग्णालय आणि भौतिकशास्त्राची संस्था यांत एकच निवडावे, असे त्या विश्वस्तांना वाटले नाही.

त्याही आधी, १८७६ मध्ये, कोलकात्यात महेंद्रलाल सरकार यांनी लोकवर्गणीतून विज्ञान संस्था काढली होती. सरकार पेशाने डॉक्टर होते. त्यांच्या पश्चात याच संस्थेत सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ चा तो शोध लावला. राष्ट्रीय विज्ञान दिन त्याचाच.

आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये देणाऱ्यांची वाण नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. हा पैसा रुग्णवाहिका, डायलिसिस यंत्रे, शाळांचे बाक यांवर जातो. ते गरजेचेच आहे. सरकारी रुग्णालयात यंत्राअभावी ताटकळणाऱ्या रुग्णाला मूलभूत संशोधनाचे महत्त्व सांगणे क्रूरपणा ठरेल. पण सगळे दान यंत्रापाशीच थांबले, तर पुढचे यंत्रही बाहेरूनच विकत आणावे लागणार. सार्वजनिक पैशावर चालणारी विद्यापीठे आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा यांच्या संशोधनाला हा निधी देण्याची मुभा याच कायद्यात आहे. तिचा वापर वाढायला हवा. २०२३ च्या अनुसंधान प्रतिष्ठान कायद्यानंतर पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची अपेक्षा ठेवली गेली आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यावा असे म्हटले गेले. पण नुसत्या अपेक्षेने तिजोरी भरत नाही.

खासगी पैशाबद्दलची शंकाही रास्त आहे. देणारा विषय ठरवू लागला, निष्कर्षांवर हक्क सांगू लागला किंवा तीन वर्षांत ‘परिणाम’ मागू लागला, तर ते संशोधन न राहता जाहिरात होते. म्हणून अटी आधीच ठरलेल्या असाव्यात. प्रकल्पांची निवड शास्त्रज्ञांनी करावी, निष्कर्ष सर्वांना खुले असावेत आणि पैसा किमान पाच-सात वर्षांसाठी असावा. याचे निमित्त करून सरकारने आपला हात आखडता घेणे तर मुळीच चालणार नाही. टीआयएफआरची गोष्ट तेच सांगते. दानाने पहिले पाऊल टाकले, पण पुढची वाट सरकारी पैशानेच चालली.

विज्ञानप्रसाराला तर याहून कमी पैसा पुरतो. पुण्यातील आयुकाच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतला तो एक तारा, आणि नावात पु. ल. देशपांडेही आले, कारण त्यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीचा हातभार तिला लागला. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत मुले तिथे विज्ञान शिकत आली.

चिंचवडला महापालिकेचे सायन्स पार्क आहे. चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेले की नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तीही टीआयएफआरचीच, आणि विज्ञान दिनाला तिथे मुलांची जत्रा भरते. निगडी, भोसरी, चाकणच्या कारखानदारांनी इतके तरी करावे. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना खोडदपर्यंत बस द्यावी. शाळेच्या प्रयोगशाळेत दरवर्षी संपणारे साहित्य भरून द्यावे. भौतिकशास्त्रात पुढे शिकू पाहणाऱ्या कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती द्यावी. या कामांवर फलक लावायला भिंत मिळणार नाही, हे खरे. पण कंबर धरून एमआरआयच्या रांगेत बसलेल्या कामगाराची मुलगी उद्या त्या यंत्राच्या पुढचे यंत्र शोधू शकते. तिची पहिली प्रयोगशाळा आज रिकामी असू नये.