माणूस म्हणजे मोहोळ नव्हे

२० ऑगस्ट २०१३च्या सकाळी फिरायला निघालेले अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर हळहळणाऱ्या कित्येकांच्या वाक्याला एक शेपूट होतं : ‘वाईटच झालं, पण त्यांनी तरी लोकांच्या श्रद्धेला हात कशाला घालावा? मोहोळावर दगड मारला की माश्या चावणारच.’ हे बोलणारे खुनाचे समर्थक नव्हते, चांगली सज्जन माणसं होती. म्हणूनच त्यांचं म्हणणं नीट तपासायला हवं.

भरपावसात भुशी धरणाच्या लोंढ्यात उतरणाऱ्याला आपण दोष देतो, तो योग्यच. पाण्याला विचार नसतो, माशीलाही नसतो. तिथे ठरवणारा एकटा उतरणारा माणूस. पुलावर मात्र ठरवणारे दुसरे होते. पिस्तूल, मोटारसायकल, दाभोलकरांच्या फिरण्याची वेळ, यातलं काहीच रागाच्या झटक्यात जुळून येत नाही. १० मे २०२४ला विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली ती माणसं म्हणून. त्यांना माश्या ठरवायचं, तर मग शिक्षा तरी कशाची?

कायद्याला माणसाचा राग कळत नाही असं नाही. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाने संयम सुटून घडलेली हत्या तो खुनाहून सौम्य मानतो. पण सगळा भार ‘आकस्मिक’ या शब्दावर. नौदल अधिकारी नानावटींचा खटला पाहा. प्रेम आहुजांशी असलेल्या संबंधांची पत्नीची कबुली ऐकून ते दुपारी दीडला घराबाहेर पडले. आहुजांवर गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. भानावर यायला एवढा वेळ पुरेसा होता, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली म्हटलं आणि जन्मठेप कायम ठेवली. ज्याचा संसार डोळ्यांदेखत मोडला त्यालाही तीन तासांची सवलत नाही. मग वर्षानुवर्षं जोपासलेल्या रागाला आपण ती कोणत्या न्यायाने देतो?

‘टाळी एका हाताने वाजत नाही,’ हेही असंच. वाद दोघांचा असेल, मार एकाचाच असतो. ‘ती उलट बोलली म्हणून हात उठला,’ हे मी कितीतरी घरांत ऐकलं आहे, आणि गालावर वळ असलेल्या बाईलाच समजावणारे शेजारी पाहिले आहेत. फार संताप येतो.

मग आग लावणारा कधीच जबाबदार नसतो का? असतो. मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत : डिवचणं आणि चिथावणं. डिवचणारा तुमच्यासमोर उभा राहून तुम्हालाच बोलतो, आणि धोका स्वतःच्या अंगावर घेतो. चिथावणारा जमावाला तिसऱ्याकडे बोट दाखवून ‘मारा’ म्हणतो आणि स्वतः मागे राहतो. पडणारा घाव त्याला हवाच असतो; तो त्या रक्ताचा पुरेपूर वाटेकरी. डिवचणाऱ्याची भाषा कडवट असेल, तर त्या भाषेचा जाब त्याला जरूर विचारावा. त्याच्या अंगावर झालेल्या घावाचा कसा विचारणार?

आणि दाभोलकरांनी डिवचलं तरी कशाने? नरबळी, अघोरी उपचार आणि चमत्काराच्या नावाखाली होणारी लुबाडणूक यांना कायद्याने बंदी हवी, ही मागणी घेऊन ते वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत राहिले. खुनानंतर काही दिवसांतच सरकारने त्याच मागणीचा वटहुकूम काढला आणि डिसेंबरात विधिमंडळाने त्याचा कायदा केला.