जमीन आधी कुणाची होती?

माळरानावर घर उभारणाऱ्या कुटुंबाची गोष्ट मुलांना आवडतेच. पण लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या १९३५च्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’मधलं घर ओसेज आदिवासींच्या जमिनीवर उभं होतं. यावलच्या मुलांना हे सहज उमगावं. इथे खाली केळीच्या बागा आहेत, वर सातपुड्यात तडवी-पावरांचे पाडे. तिथे वनहक्काचा दावा सांगायचा तर १३ डिसेंबर २००५पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. मिळते जास्तीत जास्त चार हेक्टर, आणि पुराव्यात वडीलधाऱ्यांचा जबाबही चालतो.

कोवळ्या वयात हा कडवटपणा कशाला, असं कुणी म्हणेल. कादंबरीत विहीर खणणाऱ्या बापाचे कष्ट खरेच आहेत. पण त्याने आधीच्यांचा हक्क खोटा ठरत नाही. म्हणून पुस्तक कपाटात कोंडू नका. मुलांना वाचू द्या आणि त्यांच्या प्रश्नांना बगल देऊ नका.