व्हीएन म्हणजे व्हिडिओ नको!

दिवाळीत सावनेरला गेलो की आईने माझ्यासाठी एखादं ‘कम्प्युटरचं’ काम राखून ठेवलेलं असतं. या वेळी तिने हातात डीव्हीडी ठेवली. मामाच्या लग्नाची, 2004 सालची. त्यात हळदीला आजी गाते. आजी जाऊन आता नऊ वर्षं झाली.

“मले पाहाचं नाही, आयकाचं हाये,” आई म्हणाली. “पोळ्या लाटता लाटता. मोबाइलवर टाकून दे नं.”

आपण काय, आयटीवाले! शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून डीव्हीडी ड्राइव्ह आणला, एक फुकटची कन्व्हर्टर साइट उघडली आणि 1 जीबीची फाइल अपलोडला लावली. जेवणं आटोपली तरी 40 टक्के. सकाळी जे हाती आलं त्यात आजी बादलीत तोंड घालून गात होती.

मग मुकाट्याने काळी खिडकी उघडली. कमांड लाइन! दचकू नका मंडळी, फंडा सोपा आहे. व्हिडिओ फाइल म्हणजे डबा. एका पुडात पोळी, एका पुडात भाजी; तसं एका ट्रॅकमध्ये चित्र, दुसऱ्यात आवाज. एमपी4, एमकेव्ही, डीव्हीडीतली व्हीओबी, ही सगळी डब्यांचीच नावं. आपल्याला फक्त भाजीचा पूड उचलायचाय, त्यासाठी पुन्हा स्वयंपाक कशाला?

पूड उचलणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने 2000 साली सुरू केलेला, आजही चकटफू. तुमचा व्हीएलसी प्लेअरही याच्याच लायब्रऱ्या वापरतो. टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं: एफएफएमपेग, डॅश आय, फाइलचं नाव, डॅश व्हीएन, डॅश सी कोलन ए, कॉपी, आणि शेवटी नव्या फाइलचं नाव. व्हीएन म्हणजे ‘व्हिडिओ नको’, असं मी लक्षात ठेवतो. उलट नुसतं चित्र हवं असेल तर एएन, ‘ऑडिओ नको’.

खरी जादू ‘कॉपी’ची. हा शब्द विसरलात तर प्रोग्रॅम आवाज नव्याने दाबून बसवतो आणि प्रत्येक दाबणीत दर्जा थोडा उतरतो, झेरॉक्सची झेरॉक्स. कॉपी लिहिलं की आवाज जसाच्या तसा बाहेर, तोही काही सेकंदांत. आमच्या डीव्हीडीत तो एसी3 निघाला. आईच्या फोनवर एसी3 वाजेना, म्हणून मूळ जपून ठेवून फोनपुरती एक एमपी3 केली.

आणि मग कळलं, की स्टुडिओवाल्याने अख्ख्या हळदीवर सिनेमाची गाणी चढवलीत! ट्रॅक एकच आणि त्यात सगळं कालवलेलं. आता एफएफएमपेग तरी काय करणार?

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभरच्या बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, कित्येकींचे आवाज टेपही झाले. ‘परी’ या संस्थेने 2017 पासून ते नेटवर आणले. माझ्या आजीपर्यंत मात्र कुणी पोचलं नाही. तिची ही एवढी एकच डीव्हीडी.

अख्खी फाइल हेडफोन लावून ऐकली. एके ठिकाणी सिनेमाचं गाणं संपतं आणि पुढचं सुरू व्हायला स्टुडिओवाला विसरलाय. 1 मिनिट 50 सेकंद. बांगड्या, कुणाचं तरी रडणारं पोर आणि आजी. डॅश एसएसपुढे सुरुवातीची वेळ, डॅश टीपुढे लांबी लिहिली आणि तेवढाच तुकडा कापला.

आईने पोळपाट बाजूला सारून तो तीनदा ऐकला. चौथ्यांदा मधेच थांबवला.

“हे खोकलते नं कोनी, ते बाबा होय.”

बाबा म्हणजे माझे आबा. डीव्हीडीत त्या वेळी ते कुठेच दिसत नाहीत.